जंपिंगचं कापड शाबूत, दोरा गेला: दोन मोसम भाड्यानं फिरवल्यानंतरचा अनुभव

जंपिंग म्हणजे हवेनं फुगवलेलं, मुलांनी उड्या मारायचं खेळणं. ते विकत घेताना सगळी चर्चा कापडावर होते. किती जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन), ०.५५ मिमी जाडी आहे का, छपाई उडते का. विक्रेत्यानं मला कापडाबद्दल जे सांगितलं ते सगळं खरं निघालं, हे आधीच नोंदवतो. माझं १५ बाय १५ फुटांचं, घसरगुंडीवालं, दीड एचपी ब्लोअरचं (हवा भरणाऱ्या पंख्याचं) ‘मिकी माऊस’ कोल्हापुरात वाढदिवसांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना आणि आसपासच्या गावांच्या जत्रांना दोन मोसम फिरलं. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसदिवस उभं राहिलं. कापडाला चीर नाही, रंगही फारसा उतरलेला नाही. गेला तो दोरा. त्यामुळे इथे बरंचसं दोऱ्याबद्दलच वाचायला मिळेल.

एका लॉनवर वाढदिवस रंगात आलेला असताना तळाचा मधला भाग भाकरीसारखा टम्म फुगून वर आला. मुलं त्या उंचवट्यावरून घरंगळून कडेच्या खाचेत एकावर एक पडायला लागली. सगळ्यांना उतरवलं, ब्लोअर बंद केला, भाडं परत दिलं. त्या घरच्या वहिनी एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, पण ज्याचा वाढदिवस होता त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं.

तळ असा का फुगतो ते आतून बघितल्याशिवाय कळत नाही. वरचं कापड आणि खालचं कापड यांच्यामध्ये उभे पडदे शिवलेले असतात. तळ सपाट राहतो तो या पडद्यांनी दोन्ही कापडं एकमेकांना बांधून ठेवल्यामुळे. आत १ किलोपास्कल दाब धरला तरी दर चौरस मीटरला जवळजवळ १०० किलोचा जोर कापडाला वर ढकलत असतो, त्यात मुलांच्या उड्यांचे हिसके वेगळे. हे सगळं पेलते ती पडद्याची शिवण. तिथला एक टाका तुटला की त्याचा भार शेजारच्या टाक्यावर जातो, मग तोही तुटतो, आणि बघता बघता अख्खी ओळ उसवते. बाहेरून काही दिसत नाही.

विक्रेत्याला फोन केला तर आधी उत्तर आलं, ‘वॉरंटी कापडाची आहे, शिलाईची नाही.’ मी म्हटलं, शिलाईशिवाय ही वस्तू उभीच राहू शकत नाही, मग शिलाई वॉरंटीबाहेर कशी? त्यावर दोन दिवस फोन उचलला नाही. मग म्हणाले, दिल्लीला कारखान्यात पाठवा, जाण्यायेण्याचं भाडं तुमचं, वेळ सांगता येत नाही. ऐन लग्नसराईत आणि जत्रांच्या दिवसांत एवढं मोठं बोचकं ट्रान्सपोर्टला टाकायचं आणि हातावर हात ठेवून बसायचं, हे मला मान्य नव्हतं. या वागणुकीचा राग अजून गेलेला नाही. वस्तूला पाच पैकी चार देईन, विक्रीनंतरच्या सेवेला शून्य.

शेवटी लक्ष्मीपुरीत ताडपत्री शिवणाऱ्या एका मामांकडे नेलं. त्यांनी कापड चिमटीत धरून बघितलं, मान डोलावली, मग उसवलेल्या शिवणीतून बोटभर दोरा ओढून काडीपेटी लावली. दोरा कागदासारखा जळून राख झाली. ‘सुती मिसळलंय बगा ह्यात. पाण्यात कुजणारच की हे,’ म्हणाले. निव्वळ पॉलिस्टर असता तर वितळून टोकाला कडक गोळी झाली असती. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते. नवीन माल घेताना विक्रेत्यासमोरच करा, आतल्या पडद्याचा दोरा मागून करा. बाहेरच्या शिवणीला चांगला दोरा आणि आत हलका, असाही प्रकार असतो. माझ्या नगात तेच होतं.

युरोपात या वस्तूंसाठी ईएन १४९६० नावाचं मानक आहे. त्यात दोरा न कुजणारा हवा, तो किमान ८८ न्यूटन ताण सोसणारा हवा आणि टाका ३ ते ८ मिमी लांबीचा हवा, असं स्पष्ट दिलंय. ८८ न्यूटन म्हणजे साधारण नऊ किलो वजन एका दोऱ्यावर टांगल्यासारखं. आपल्याकडे एवढं विचारणारा गिऱ्हाईक भेटला की विक्रेते विषय बदलतात, पण विचारायचं सोडू नका. नायलॉनचा दोरा ताकदीला चांगला असतो, पण उन्हात लवकर कमजोर होतो. बाहेर उभ्या राहणाऱ्या जंपिंगला बॉण्डेड, म्हणजे लेप देऊन पदर एकत्र बांधलेला, पॉलिस्टरच हवा.

दुरुस्ती अशी झाली. तळाची एक बाजू मुद्दाम उसवून आतलं बाहेर काढलं. जुन्या भोकांवर पुन्हा टाके घालायचे नाहीत, हे मामांनी सुरुवातीलाच बजावलं; पीव्हीसीला एकदा पडलेलं भोक मिटत नाही आणि त्याच ओळीत आणखी भोकं पाडली तर कापड तिथेच फाटतं. म्हणून पडद्याच्या कडेला त्याच जातीच्या कापडाची पट्टी लावली आणि नवीन जागी दुहेरी शिवण घातली. कोपऱ्यात मशीनचा पाय पोचत नव्हता, तिथे आरीनं हातशिलाई केली. आतले उरलेले पडदेसुद्धा लगेच नव्या दोऱ्यानं शिवून घेतले, कारण दोरा एकच होता, आज ना उद्या तिथेही तेच झालं असतं. एकूण खर्च दिल्लीच्या नुसत्या वाहतूक भाड्यापेक्षा कमी आला. त्यानंतर तळ जागचा हललेला नाही.

आता ब्लोअरबद्दल. पहिल्या मोसमात माझं मत अगदी वाईट होतं. गावाकडे नेला की नुसता हूं हूं करायचा, फिरायचाच नाही, आणि एकदा मोटरीचा कंडेन्सर (ती सुरू व्हायला मदत करणारा भाग) फुगला. आज ते मत पूर्ण बदललंय. शिवाजी उद्यमनगरातल्या वायंडिंगवाल्यानं मोटर उघडून सांगितलं, मोटरीत काही दोष नाही, वायर बघा. ब्लोअरसोबत विक्रेत्यानंच दिलेली ५० मीटर वायर १ चौरस मिमीची होती. तांब्याच्या तशा तारेचा रोध जाऊन-येऊन १.८ ओहमच्या आसपास. ब्लोअर चालू असताना आठ अँपिअर धरले तर १४ व्होल्ट वायरीतच जातात. सुरू होताना मोटर पाचपट ओढते, म्हणजे ७० व्होल्टच्या वर गायब. जत्रेत आधीच लाईट कमी असते, मग मोटर फिरणार कशी? २.५ चौरस मिमीची वायर घेतली, तेव्हापासून तोच ब्लोअर पहिल्या बटणाला उठतो. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवलाय. अनवाणी मुलं, ओलं गवत आणि चालू मोटर एकाच ठिकाणी असतात. यावर पैसे वाचवू नयेत.

शिवणीतून थोडी हवा येते म्हणून घाबरू नका. हा प्रकार सतत हवा भरत राहण्यासाठीच बनवलेला असतो, टाक्यांतून हवा सुटणं दोष नाही. कापडाला भोक पडलं तर मात्र सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन वापरू नका, पीव्हीसीवर ते धरत नाही, चार दिवसांत ठिगळ उचकटतं. झटपट चिकटणारा गोंद कडक होतो आणि घडीवर तडकतो. पीव्हीसीसाठी मिळणारं पॉलियुरेथेनचं सोल्युशन घ्या, दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, ठिगळाचे कोपरे गोल कापा, दोन पातळ हात द्या, चिकट होऊ द्या, दाबा आणि पूर्ण दिवस हवा भरू नका.

जंपिंग जमिनीला बांधायच्या खुंट्यांबाबत मी कडक आहे आणि त्यावरून गिऱ्हाइकांशी खटकेही उडाले आहेत. सोबत आलेल्या खुंट्या आखूड होत्या. त्याच ईएन १४९६० मानकात ३८० मिमी लांब आणि १६ मिमी जाड खुंटी, किमान सहा ठिकाणी, आणि ३८ किमी ताशी वाऱ्यापलीकडे वापर बंद, असं आहे. उद्यमनगरात सळीच्या करून घेतल्या. जोतिबाच्या डोंगराच्या बाजूला एका कार्यक्रमात वळवाचं वारं सुटलं तेव्हा आयोजक दादा म्हणाले, ‘अहो, अजून पाऊस कुठं आलाय?’ पाऊस यायची वाट बघायची नसते, धोका वाऱ्याचा असतो. मी हवा सोडली. आत मुलं नसलेलं फुगवलेलं जंपिंगसुद्धा वारा उचलून नेतो.

पावसाळ्याचं थोडक्यात. इथला जून ते सप्टेंबर म्हणजे बुरशीचा काळ. ओलं घडी करून ठेवलं तर पाणी दोऱ्यातून आत झिरपतं, आणि हलका दोरा नेमका तिथेच कुजतो. पुसून, ब्लोअर चालवून, कोपऱ्यातलं पाणी निथळून मगच घडी. साबणाचं पाणी चालतं, ब्लीच नको, त्यानं दोरा कमजोर होतो. बोचकं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, उंदीर घडीत घर करतात.

सध्या एकच काम राहिलंय. घसरगुंडीवरचं वेगळं कापड घासून पातळ झालंय, ते पावसाळ्याआधी मामांकडूनच नवीन करून घेणार आहे. या वेळी दोऱ्याचं रीळ मी स्वतः आणून देणार आणि मशीनवर चढण्याआधी जाळून बघणार.