‘अंदाज’ शोधला की चार निघतात

चित्रपटांचं हे अ‍ॅप मी रोज वापरते. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट, तक्रारीला जागा नाही. पण एकाच नावाचे चित्रपट असले की याचा शोध पार कोलमडतो.

बाबांना मेहबूब खान यांचा १९४९ चा ‘अंदाज’ बघायचा होता. नर्गिस, राज कपूर, दिलीप कुमार. हे दोन नायक पुन्हा कधी एकत्र आले नाहीत. शिवाय त्यात दिलीप कुमारला आवाज मुकेशचा आणि राज कपूरला रफीचा. नेहमीच्या सवयीच्या अगदी उलट! बाबांना तेच ऐकायचं होतं. मी कृष्णधवल पोस्टर बघून दाबलं, तर पडद्यावर मोटारसायकलवर राजेश खन्ना आणि मागे हेमा मालिनी. म्हणजे १९७१ चा, रमेश सिप्पींचा पहिला चित्रपट. तोही सुंदर आहे, पण बाबांचा चेहरा पडला तो पडलाच.

याशिवाय १९९४ आणि २००३ चेही ‘अंदाज’ आहेत. एकाचा दुसऱ्याशी कथेचा काही संबंध नाही. ‘डॉन’सारखं असतं, १९७८ चा मूळ आणि २००६ चा त्यावरून केलेला, तर निदान गोष्ट तरी ओळखीची निघाली असती.

नावाखाली साल आणि दिग्दर्शक एवढं लिहा हो. पाचपैकी तीन तारे देते. पोस्टर दुरुस्त झालं की चौथा नक्की देईन.