स्थिरचित्रासाठी जलरंग की तैलरंग? बेळगावचा पाऊस आणि कौलातला उजेड बघून ठरवा

जलरंग घ्यावेत की तैलरंग, हे ठरवताना बहुतेक जण आधी खर्चाचा आणि टर्पेंटाइनच्या वासाचा हिशेब करतात. त्याआधी एक गोष्ट बघा: तुम्हाला हव्या असलेल्या चित्रातली सर्वांत गडद जागा किती गडद आहे आणि ती किती पसरली आहे? स्थिरचित्राचा, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राचा, भाव रंगापेक्षा टोनवर, म्हणजे उजळ-गडदपणावर, जास्त ठरतो. चित्राचा बहुतांश भाग उजळ आणि मधल्या टोनमध्ये राहिला, तर सकाळची शांतता येते. बहुतांश भाग काळोखात ठेवून दोनच जागा उजळल्या, तर त्याच वस्तू गंभीर दिसतात.

तुलनेसाठी एकच मांडणी धरू. तांब्याची चरवी, खानापूरचं झिलई नसलेलं मातीचं मडकं, गोकाकची रंगवलेली लाकडी फळं, चार-पाच ब्याडगी मिरच्या आणि मागे शहापूरच्या मागावरची गडद लाल साडी. लाकडी फळं घेण्याचं कारण साधं आहे: तैलरंगाचं काम पंधरा दिवस चाललं तरी ती सुकत नाहीत, सडत नाहीत.

उजेड आधी ठरवा

पावसाळ्यात उत्तरेच्या खिडकीतून येणारा ढगाळ उजेड थंड आणि मऊ असतो. सावलीच्या कडा विरघळलेल्या दिसतात आणि सकाळी दहा ते दुपारी तीन-चारपर्यंत फारसं काही हलत नाही. हा उजेड जलरंगाला मानवतो.

कौलारू घरात काचेच्या कौलातून पडणारा उन्हाचा पट्टा याच्या अगदी उलट. सावली काळी, कडा धारदार, आणि वीस मिनिटांत पट्टा चरवीवरून मडक्यावर सरकलेला. असं चित्र करायचं असेल, तर सावल्यांचे आकार पहिल्या दहा मिनिटांत रेषेने पक्के करा आणि नंतर समोर काहीही बदललं तरी ते बदलू नका. तैलरंगात हे काम रोज त्याच वेळी अर्धा-पाऊण तास बसून पुढे नेता येतं. जलरंगात एकाच बैठकीत धाडस करावं लागतं.

दिव्याचं काय? पिवळसर बल्ब लावला, तर उजेडाची बाजू नारिंगी होते आणि सावली तुलनेने निळसर दिसते. पांढरा एलईडी लावला, तर हे नातं उलटतं. बल्ब आणि खिडकी दोन्ही चालू ठेवू नका. एका वस्तूच्या दोन सावल्या पडल्या की नवशिक्याचा टोन हमखास फसतो.

जलरंग

कागद ३०० जीएसएमचा, आकार सुमारे ११ × १५ इंच, चारही बाजूंनी टेपने फळीला चिकटवलेला. सगळ्यात उजळ जागा म्हणजे कोरा कागद, म्हणून त्या आधीच राखून ठेवाव्या लागतात. पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, चहाइतका पातळ, दुसरा दुधासारखा, शेवटचे गडद फटकारे सायीसारखे. जलरंग वाळल्यावर फिकट होतो. ओला असताना थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिळून छान गडद राखाडी होतो, काळ्या ट्यूबची गरज पडत नाही.

मृग लागला की अडचण सुरू होते. खानापूर, जांबोटीकडच्या दमट हवेत वॉश वाळायला मार्चच्या कितीतरी पट वेळ घेतो. कागदाला हाताची मागची बाजू लावा. गार लागला तर आत ओल आहे. त्या ओलीत जास्त पाण्याचा ब्रश टेकवला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. दमट कपाटात ठेवलेल्या कागदाचं सायझिंगही, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारी खळ, बिघडतं. मग रंग टिपकागदासारखा शोषला जातो आणि ठिपके पडतात. दोष हाताचा नसतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

तैलरंग

१२ × १६ इंचाच्या कॅनव्हासवर आधी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे पसरवा आणि उजळ जागा फडक्याने पुसून काढा. एवढ्यावरच चित्राचा भाव दिसला पाहिजे. नाही दिसला, तर रंग चढवून काही उपयोग नाही, पुन्हा पुसा. ही सवलत जलरंग देत नाही. अंबर लवकर वाळतो, म्हणून पहिल्या थराला तोच बरा. दुसऱ्या थरात टर्पेंटाइन दोन भाग, जवसाचं तेल एक भाग. नंतर तेल वाढवत जा. खाली तेलकट आणि वर पातळ थर दिला, तर वरचा आधी वाळतो आणि पुढे तडकतो.

पावसाळ्यात थर वाळायला आठवडाही पुरत नाही. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून किंवा कपाटात ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. गडद भाग वाळल्यावर निस्तेज, राखाडी दिसले, तर टोन चुकला असं समजून लगेच काळा चढवू नका. तेल खाली शोषलं गेलेलं असतं. अगदी पातळ तेल चोळून पुसून घ्या, मूळ गडदपणा परत दिसतो. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

त्याच वस्तू, दोन माध्यमं

चरवीवरचा चकाकता ठिपका पांढराशुभ्र नसतो. धातू उजेडाला आपला रंग देतो, म्हणून तो नारिंगी झाक असलेला असतो. लाकडी फळावरचा ठिपका मात्र खिडकीच्याच रंगाचा. तैलरंगात हा फरक शेवटी जाड रंगाने सहज दाखवता येतो. जलरंगात चरवीवर आधी फिकट नारिंगी वॉश द्या आणि ठिपक्याची जागा तेवढ्यावरच सोडा. मडक्याला ठिपकाच नाही, नुसते मधले टोन. इथे ओल्या थरावरच ओला रंग सोडलेला जलरंग तैलरंगाला मागे टाकतो.

लाल साडी दोन्हीकडे फसवते. ती दिसायला झगझगीत, पण टोनने बरीच गडद असते. डोळे बारीक करून बघा. तैलरंगात ती उजळायला पांढरा घातला की गुलाबी होते. त्याऐवजी नारिंगीकडे न्या. मिरच्यांच्या सावलीला काळा नको, अलिझरीन क्रिमसनमध्ये (थंड, गडद लाल) थोडा अल्ट्रामरीन पुरे. पिवळ्या लाकडी आंब्यात काळा घातला तर तो हिरवट होतो. तिथे बर्न्ट सिएना वापरा.

अ‍ॅक्रिलिक हा मधला मार्ग वाटतो, पण तो वाळल्यावर गडद होतो आणि अथणीकडच्या एप्रिलमध्ये पॅलेटवरच वाळून जातो. टोन मिसळत बसण्याच्या सरावाला तो आम्ही सुचवणार नाही.

कोणी काय घ्यावं

फक्त रविवार मोकळा असेल आणि जेवणाच्या टेबलावरच काम उरकायचं असेल, तर जलरंग घ्या. मांडणी आठवडाभर न हलवता ठेवता येईल असा हवेशीर कोपरा असेल, तर तैलरंग. टोन अजून पक्का नसेल, तर आमचं मत तैलरंगाकडे झुकतं; पुसण्याची मुभा हीच मोठी शिकवण.

अंधारी चित्रं जलरंगात होतच नाहीत, असं मात्र समजू नका. आंबोली घाट उतरलं की लागणाऱ्या सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र काढलं. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते जलरंगातलं आहे.

सुरुवात मार्गशीर्षात करणार असाल, तर दोन्हीपैकी काहीही चालेल. आषाढात करणार असाल, तर जलरंगासोबत हेअर ड्रायरही जवळ ठेवा आणि तो कागदापासून फूटभर लांब धरा.