चप्पल लाईन ते गुळाची अडत: माझ्या फोनमधली कामाची ॲप

कोल्हापुरातल्या दुकानदाराला सोशल मीडियासाठी एकच ॲप शिकवायचं झालं तर मी व्हॉट्सॲप बिझनेस शिकवते. पोस्ट सजवायचं कॅन्व्हा आणि इन्स्टाग्राम यांची पाळी त्यानंतर. इथला धंदा बोलण्यावर चालतो. गिऱ्हाईक विचारतं, दुकानदार सांगतो, मग पैसे निघतात. पोस्ट कितीही देखणी असली तरी खाली विचारलेल्या प्रश्नाला संध्याकाळपर्यंत उत्तर गेलं नाही तर ते गिऱ्हाईक गेलंच. त्यामुळं ॲप पारखताना मी आधी एवढंच बघते, की विचारणं आणि उत्तर यांतलं अंतर त्यानं कमी होतंय का.

मी राजारामपुरीत राहते आणि लहान व्यवसायांचं सोशल मीडियाचं काम करते. चप्पल लाईनमधलं एक जुनं दुकान, मार्केट यार्डातली गुळाची अडत, हुपरीचे एक पैंजणवाले आणि एक खानावळ ही माझी मंडळी. कुणाकडंही मार्केटिंगचा वेगळा माणूस नाही. त्यांचा सगळा कारभार फोनवर, म्हणून माझाही फोनवर.

दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतं तेव्हा चपलेवाले मामा माप, कातडं आणि किंमत एका दमात सांगून टाकतात. फोनवरचं गिऱ्हाईकही हेच विचारतं, पण एकेक करून आणि रात्री दहानंतर. व्हॉट्सॲप बिझनेसमधली क्विक रिप्लायची सोय इथं खरी कामाला येते. तिरकी रेघ टाकून ठरवलेला शब्द लिहिला की आधी साठवलेलं उत्तर समोर येतं, अशी ५० उत्तरं ठेवता येतात. आमचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं उत्तर मापाचं आहे: ‘कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला टेकवून उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिलीनं खूण करा. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये कळवा, दोन्ही पायांचं.’ सोबत एक फोटो. हे उत्तर तयार झालं आणि माप चुकल्यामुळं परत येणाऱ्या जोड्या स्पष्ट कमी झाल्या. दुसरं उत्तर नव्या चपलेचं: सुरुवातीला घट्ट वाटेल, वापरात पायाच्या आकाराला येईल, पाण्यापासून जपा. हे मामांचेच शब्द आहेत, मी फक्त टाईप केले. तयार उत्तर दुकानदाराच्या बोलीत असलं की वाचणाऱ्याला दुकानातच उभं असल्यासारखं वाटतं, म्हणून मी ते कधी ‘प्रिय ग्राहक’ छापाचं करत नाही.

याच ॲपमधल्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात. मामांनी कापशी, पुकारी, बक्कलनाळी अशी नावं देऊन माल लावायला सांगितला तेव्हा मला जरा शंका होती, कारण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ही नावं कुठून माहीत असणार. पण लोक आता नाव घेऊनच विचारतात. किंमत लपवायची सोय कॅटलॉगमध्ये आहे, ती मी कुणालाच वापरू देत नाही. ‘किमतीसाठी मेसेज करा’ वाचून निम्मी माणसं पुढं सरकतात.

लेबलंही मोलाची. ‘पैसे बाकी’, ‘कुरिअरला दिलं’, ‘माप यायचंय’ अशी रंगीत चिठ्ठी प्रत्येक संभाषणाला लावता येते. शिवाय एका फोनला आणखी ४ उपकरणं जोडता येतात. मामा दुकानात, त्यांचा मुलगा घरी आणि मी राजारामपुरीत, तिघंही एकाच नंबरवरून उत्तरं देतो. ‘ताई, ती नाशिकची बाई बघ की, तिला सांगितलंस का गोंड्याचं?’ असा मामांचा फोन आता क्वचित येतो, कारण लेबल बघून त्यांना सगळं कळतं.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्याबद्दल, मात्र नवख्यांचा गैरसमज असतो. एका यादीत २५६ जण घेता येतात, पण ज्यानं आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोहोचतो. म्हणून आमच्या प्रत्येक पार्सलमध्ये नंबर सेव्ह करण्याची विनंती असलेली छोटी चिठ्ठी जाते. विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीवर पैसे घालवू नका.

आता फोटो. इथं मी स्नॅपसीडवर मनापासून खूश आहे. गुगलचं ॲप, पूर्ण फुकट, जाहिरात नाही, फोटोवर शिक्का नाही. पण आवडण्याचं कारण वेगळं आहे. गुळाच्या अडतीत ट्यूबलाईटखाली काढलेल्या फोटोत गूळ हिरवट दिसतो, आणि बहुतेक ॲपचे तयार फिल्टर त्याला एकदम पिवळाधमक करून टाकतात. पिवळा गूळ लोकांना आवडतो हे खरं. पण रसायन न घालता केलेला गूळ तांबूस, काळपट असतो, आणि अडतवाले दादा तोच विकतात. त्याला फोटोत पिवळा केला तर डबा उघडल्यावर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखंच वाटणार. स्नॅपसीडच्या व्हाइट बॅलन्समध्ये ड्रॉपर आहे. ढेपेच्या बाजूला कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढायचा, ड्रॉपर कागदावर टेकवायचा, की गुळाचा रंग डोळ्यांना दिसतो तसा येतो. मग कागद क्रॉप करून टाकायचा. पुढं फोटोच्या ठरावीक भागावरच काम करणारं सिलेक्टिव्ह हे साधन घेऊन फक्त फोडलेल्या कडेवर थोडा उजेड वाढवला की आतला रवाळ पोत दिसायला लागतो. एवढंच. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव फोटोखाली मिरवायचं तर फोटोतला गूळ खरा दिसला पाहिजे.

कॅन्व्हाचं कौतुक सगळेच करतात, मीही करते, पण एका अटीवर. फॉन्ट नीट निवडा. नवा फॉन्ट दिसला की मी त्यात एक ओळ लिहून बघते: ‘खऱ्या कोल्हापुरी चपला, शाहूनगरीची ओळख’. ‘खऱ्या’मधला र मोडतो का, ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी, ळ ओळीत बसतो का, हे त्या एका ओळीत कळतं. मुक्त आणि बालू हे दोन फॉन्ट मला सगळ्यात भरवशाचे वाटतात. दोन्ही एक टाइप या भारतीय संस्थेचे आहेत आणि ते देवनागरीचा विचार करून घडवल्याचं जाणवतं. ठळक मथळ्याला बालू, किंमत आणि पत्त्याला मुक्त. फोटोची पार्श्वभूमी काढून टाकायची सोय पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. पैंजणवाल्यांसाठी ती घ्यावी, कारण चांदीमागचा पसारा फार खटकतो. खानावळीला तिची गरज नाही. तांबडा-पांढरा रस्सा पत्र्याच्या टेबलावरच शोभतो.

रीलसाठी मी आधी इनशॉट वापरायचे. एप्रिल २०२५मध्ये इन्स्टाग्रामनं एडिट्स हे वेगळं ॲप आणलं, तेव्हापासून बरंचसं काम तिकडं गेलं. फुकट आहे आणि बाहेर काढलेल्या व्हिडिओवर शिक्का येत नाही. रील करणाऱ्या दुकानदारांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: बिझनेस खात्याला गाण्यांचा पूर्ण खजिना मिळत नाही. गाजत असलेलं मराठी गाणं मित्राच्या खात्यावर दिसतं आणि दुकानाच्या खात्यावर दिसत नाही, ते यामुळं. परवानगीचा प्रश्न आहे, आणि त्यातून पळवाट काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी कारागिराकडं जा. कातड्यावर पडणाऱ्या हातोडीचा ठोका, आरी आत जाताना होणारा बारीक आवाज, वेणी ओढताना दोऱ्याची करकर, हे सगळं फोन अगदी जवळ नेऊन घ्या आणि तोच आवाज रीलला लावा.

जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इथं किती संताप झाला ते सगळ्यांना माहीत आहे. पुढं कंपनीनं भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्या दिवसांत जगभरातले लोक कोल्हापुरी चप्पल म्हणजे काय ते शोधत होते. आम्ही चिडून लिहिलेली पोस्ट टाकली नाही. मामांच्या कारागिराचे हात दाखवणारी छोटी रील एडिट्सवर जोडली आणि खाली लिहिलं, की या चपलेला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या ४ व कर्नाटकातल्या ४ अशा ८ जिल्ह्यांच्या कारागिरांचं आहे. ती रील लोकांनी स्वतःहून पुढं पाठवली. अशा वेळी लॅपटॉप उघडून बसायला उसंत नसते, चांगलं मोबाइल ॲप तिथंच कळतं.

पोस्ट आधी लावून ठेवायला मेटा बिझनेस सूट पुरेसं आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामचे मेसेज एकाच ठिकाणी दिसतात आणि प्लॅनरमध्ये महिन्याभराचं कॅलेंडर समोर असतं. पैसे लागत नाहीत. बफर हे दुसरं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याच्या फुकट योजनेत ३ खाती आणि प्रत्येक खात्यावर एका वेळी १० पोस्ट रांगेत ठेवता येतात. लिंक्डइनही सांभाळायचं असेल, म्हणजे उद्यमनगरातला फाउंड्रीवाला तुमचा ग्राहक असेल, तर बफर घ्या. नाहीतर सूट बास.

प्लॅनर मी सगळ्यात काळजीनं बघते तो पावसाळ्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. पाणी ३९च्या दिशेनं चढायला लागलं की मी फोनवर प्लॅनर उघडते आणि पुढच्या आठवड्यातल्या ऑफरच्या, हसऱ्या पोस्ट बाजूला काढते. २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. गावात लोक घरातलं सामान माडीवर चढवत असताना दुकानाच्या खात्यावरून ‘मान्सून धमाका’ जाऊ नये. त्याऐवजी दुकान चालू आहे की बंद, कुरिअर कधी निघेल, एवढीच माहिती द्यावी. हे सगळं फोनवरून दोन मिनिटांत जमतं, आणि माझ्या लेखी सूटची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच.

जाहिरातीवर पैसे लावताना वर १८ टक्के जीएसटी धरूनच बजेट ठरवा. खानावळीसाठी सगळा महाराष्ट्र निवडू नका, नकाशावर आपल्या भोवतालचे काही किलोमीटरच घ्या.

सणांचे तयार पोस्टर देणारी ॲप मला अजिबात पटत नाहीत. दुकानाचं नाव आणि मालकाचा फोटो एकदा भरला की रोजचं शुभेच्छापत्र तयार. नवरात्रात एकाच गल्लीतल्या पाच दुकानांच्या स्टेटसला अंबाबाईचा तोच फोटो आणि त्याच ओळी असतात. कुणाचं दुकान कुठलं ते गिऱ्हाइकाला कळत नाही. त्यातल्या एका ॲपनं, नाव घेत नाही, माझ्या खानावळवाल्या काकूंचं वर्षाचं शुल्क चाचणीचे दिवस संपताच कापून घेतलं. रक्कम परत मिळवायला बराच त्रास झाला. फुकट चाचणी घेताना युपीआय ॲपमधलं ऑटोपे उघडून मंजुरी कशाकशाला दिली आहे ते बघा आणि नको ते तिथूनच बंद करा.

शेवटी गुगलवरचं दुकानाचं प्रोफाइल. त्याचं वेगळं ॲप २०२२मध्ये बंद झालं, आता सगळं गुगल मॅप्समधून किंवा सर्चमधूनच करायचं. देवीच्या दर्शनाला आलेला माणूस महाद्वार रोडवर उभा राहून फोनमध्ये चपलांचं दुकान शोधतो, तेव्हा इन्स्टाग्राम नव्हे, मॅप्स उघडतो. म्हणून बिंदू चौकातल्या पार्किंगपासून दुकानापर्यंत चालत कसं यायचं ते आम्ही फोटोंसकट टाकलं आहे. नवरात्रातल्या वाढीव वेळा ‘विशेष वेळा’मध्ये भरतो, म्हणजे दसऱ्यानंतर नेहमीच्या वेळा आपोआप लागू होतात. लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांना उत्तरं मीच टाईप करते, पण मामांना विचारल्याशिवाय एकही पाठवत नाही. ती जोडी कुणी शिवली हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि उत्तरात त्या कारागिराच्या कामाचा उल्लेख असला की पुढचं गिऱ्हाईक दुकानात येऊन त्याच्याच हातची जोडी मागतं.