चौकातल्या गोलात काय उभारावं: कारंजं, फायबर, स्टील की काळा पाषाण?

चौक दत्तक घ्यायचा आणि मधल्या गोलात काहीतरी उभारायचं असं ठरलं, की पहिल्याच बैठकीत चार नावं पुढे येतात: महापुरुषाचा पुतळा, कारंजं, फायबरचं शिल्प, स्टीलचं शिल्प. दगडाचं नाव सहसा कुणी काढत नाही. आमच्याकडेही सुरुवातीला काढलं नव्हतं. शेवटी आम्ही काळ्या पाषाणाकडे वळलो. आता आसपासच्या दोन-तीन ठिकाणची मंडळी त्याबद्दल विचारू लागली आहेत, म्हणून हे लिहितो. तुमच्या चौकाची रुंदी, हवा, वर्दळ वेगळी असेल, तेव्हा माझं मत त्या हिशेबानेच घ्या.

पुतळ्याचा विषय लवकर संपतो. सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, फुटपाथ अशा जागी नवे पुतळे किंवा बांधकामं यांना परवानगी देऊ नये असं राज्यांना बजावलं. पथदिवे, वाहतुकीच्या सोयी आणि रस्त्यांचं सुशोभीकरण यातून वगळलेलं आहे, आणि चौकातली शिल्पं याच सुशोभीकरणाच्या वाटेने उभी राहतात. शिवाय पुतळ्याला कला संचालनालयाकडून क्ले मॉडेल, म्हणजे मातीचा नमुना, मंजूर करून घेणं आलं. समजा हे सगळं पार पडलं, तरी एक अडचण राहतेच. पुतळ्याला तोंड असतं आणि पाठही असते. चार रस्त्यांच्या चौकात ती पाठ कुणाच्या तरी वाट्याला येणार, आणि त्या बाजूच्या लोकांना ते रोज जाणवणार.

काही पुतळे मात्र यातून सुटलेले आहेत. कोल्हापूरला कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्री यांनी केलेली ताराराणी पाहा. घोडा मागच्या दोन पायांवर उसळलेला आहे, कुठल्याही रस्त्याने आलात तरी आकार पूर्ण दिसतो. मुंबईतला काळा घोडा 1965 मध्ये राणीच्या बागेत हलवला, तरी परिसराचं नाव तेच राहिलं आणि 2017 मध्ये तिथे स्वार नसलेला नवा घोडा उभा केला गेला. वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, त्या चौकालाही लोक काळा घोडाच म्हणतात. वाहनावरून जाणाऱ्याच्या लक्षात बाह्याकृती राहते. चेहऱ्यावरचे भाव, कपड्यांच्या चुण्या, चबुतऱ्यावरची अक्षरं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. कुठलंही शिल्प निवडा, त्याची नुसती काळी सावली कागदावर काढून घ्या आणि ती चारही बाजूंनी ओळखू येते का ते आधी बघा.

कारंजं मला स्वतःला फार आवडतं. फ्लोरा फाउंटन 1864 पासून उभं आहे आणि 2019 मध्ये जीर्णोद्धारानंतर त्यातून पुन्हा पाणी उडालं, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. पण तेही त्याआधी कित्येक वर्षं कोरडं होतं. आमच्याकडचं पाणी जड. नोझलवर क्षार बसतात, धार वाकडी होते, मग पंप बंद ठेवला जातो. वारा सुटला की तुषार रस्त्यावर येतात आणि दुचाकीवाल्यांसाठी वळणावरची ओल धोक्याची असते. रोज लक्ष घालणारा माणूस आणि विजेच्या बिलाची लेखी जबाबदारी असेल तरच कारंजाचं नाव घ्या.

फायबर सगळ्यात स्वस्त, हलकं, झटपट होणारं. बैलजोडी, हरणं, मोर, हवं ते मिळतं. उन्हाने वरचा रंगीत थर फिका पडतो, मग त्याला केसासारख्या भेगा जातात आणि आतले काचतंतू दिसू लागतात. दर थोड्या वर्षांनी रंग देण्याची तयारी असेल तर फायबर वाईट नाही. माझं मन मात्र त्यावर बसलं नाही.

खरी निवड स्टील आणि पाषाण यांच्यातच होती.

स्टेनलेस स्टीलच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. उंची गाठता येते, आकार आरपार ठेवता येतो, रात्री दिव्यात ते फार सुंदर दिसतं. घाटावरच्या हवेत 304 ग्रेड (स्टीलची प्रत) चालते, समुद्राजवळ 316 घ्यावी लागते. छोट्या गोलात पाया फार मोठा लागत नाही. आमच्या पलीकडच्या चौकात असंच एक स्टीलचं शिल्प आहे, नळ्यांची वर वर जाणारी वेलांटी. उभं राहिलं तेव्हा मी आनंदाने बघत उभा राहिलो होतो. संध्याकाळी पश्चिमेकडून येताना त्यावरून ऊन डोळ्यांत येतं, पण मॅट फिनिश घेतलं तर ते बऱ्याच अंशी टळतं. तेव्हा माझं मत त्या तिरपीवर ठरलेलं नाही.

ते ठरलं फ्लेक्समुळे.

चौकात जे जे उभं असतं त्याला दोरी बांधली जाते. वाढदिवस, निवड, स्वागत, श्रद्धांजली, कारण काहीही असो. शिल्पाभोवती रेलिंग असेल तर ते फ्लेक्सची तयार चौकट बनतं. नळ्या असतील तर वरच्या दोन टोकांना बाइंडिंग तार आवळायची आणि खाली दोन दगड. 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे, तक्रार केली की फ्लेक्स उतरतोही, पण तो उतरवताना तार तिथेच कापून सोडलेली असते. त्या पलीकडच्या शिल्पावर आजही अशा तारांची टोकं आहेत. यात एक गोष्ट मला फार उशिरा एका फॅब्रिकेटरने समजावली. साधी लोखंडी तार स्टेनलेसवर घासली की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि ते गंजतात. म्हणजे चांगल्या ग्रेडच्या नळीवरही तपकिरी ओघळ दिसू लागतात. लोक म्हणतात, ठेकेदाराने हलकं स्टील वापरलं. स्टील कदाचित चांगलंच असेल.

वाहतुकीच्या दृष्टीनेही हे वाईट आहे. आपण डावीकडून चालतो, गोलाभोवती घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून चौकात शिरताना उजवीकडून येणारं वाहन दिसणं महत्त्वाचं. त्यासाठी गोलाची कड मोकळी आणि झाडं बुटकी ठेवायची असतात. मधला भाग उंच असला तर उलट बरं, रस्ता सरळ पुढे जात नाही हे लांबूनच कळतं आणि समोरच्या वाहनाचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत. फ्लेक्स नेमका कडेच्या रेलिंगवर लागतो आणि जे दिसायला हवं तेच झाकतो. शिल्प कितीही चांगलं असो, त्याच्यापुढे चार हसरे चेहरे आठवडाभर टांगलेले असतील तर चौकाला काय मिळालं? मला हे मनापासून लागतं. लोकांच्या पैशाने, एका कलावंताच्या कष्टाने काहीतरी उभं राहतं आणि त्याचा खांब होतो.

म्हणून बैठकीत मी प्रत्येक आराखड्याला एकच प्रश्न लावायला सुरुवात केली: याला दोरी कुठे बांधणार? स्टीलच्या बहुतेक आराखड्यांत उत्तर सापडायचं. पाषाणात सापडेना.

आमचं शिल्प निघोजच्या रांजणखळग्यांवरून सुचलेलं आहे. पारनेर तालुक्यात कुकडीच्या पात्रात पाण्याबरोबर फिरणाऱ्या गोट्यांनी कातळात ते रांजण कोरलेत. गोल फिरणाऱ्या रहदारीच्या मधोमध, गोल फिरणाऱ्या पाण्याने कोरलेला दगड. ही कल्पना शिल्पकाराने मांडली तेव्हा बैठकीत वाद झालाच नाही. खाली रुंद, वर निमुळते असे तीन कातळ, बाहेरून टाकीचे घाव तसेच ठेवलेले, आतले खळगे घोटून गुळगुळीत केलेले. निमुळतेपणामुळे दोरीचा फास वर सरकून निघून जातो. कडा नाहीत, कान नाहीत, भोक नाही. रेलिंग आम्ही घातलंच नाही, कारण जपण्यासारखं नाजूक काही नाही. कातळ कडेपासून दूर, मातीच्या उंचवट्यावर मधोमध ठेवलेत, म्हणजे एखादं वाहन गोलावर चढलंच तर आधी मातीत रुतेल.

पाषाणाचे त्रासही सांगायला हवेत. काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, त्याचं वजन घनमीटरला जवळपास 3 टन. कोरण्याच्या मजुरीइतकीच चिंता क्रेन, पाया आणि रात्रीचा रस्ता बंद ठेवण्याची परवानगी यांची असते. गोलाखालून पाण्याची मुख्य लाइन किंवा केबल जात असेल तर जागा बदलावी लागते. खळग्यांत पाणी साचलं तर डास होतात, म्हणून प्रत्येकाच्या तळातून उतार देऊन निचरा काढावा लागला, आणि त्यात पानं अडकली की ती काढावी लागतात. काळा दगड रात्री दिसत नाही, त्यामुळे जमिनीलगतचे दिवे हवेतच. आणि पहिल्या नजरेला लोक म्हणतात, ‘नुसते दगडच ठेवलेत.’ पावसाळ्यात ओला झाल्यावर तो दगड काय रंग धरतो ते पाहिलं की हे बोलणं कमी होतं, असा निदान आमचा अनुभव.

खर्चाचं म्हणाल तर आम्हाला आलेल्या कोटेशनांत स्टील आणि पाषाण यांत फार अंतर नव्हतं. तुमचा गोल अगदी लहान असेल, खाली भुयारी मार्ग असेल किंवा जड पाया घेताच येत नसेल, तर स्टील घ्या, बिनदिक्कत. फक्त आकार बंद आणि गुळगुळीत ठेवा, सुट्या नळ्या टाळा, आणि देखभालीच्या करारात तार काढून पृष्ठभाग साफ करण्याचं कलम घाला.

पाषाण घेणार असाल तर एक काम कोरण्याआधीच करा. चौक कायमचा नसतो. वडोदऱ्यात फतेहगंजला शिल्पकार नागजी पटेल यांचं वडाच्या झाडांचं दगडी शिल्प उड्डाणपुलासाठी काढावं लागलं, आणि पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूलच 2020 मध्ये मेट्रोसाठी पाडला गेला. तेव्हा शिल्प एकसंध न ठेवता क्रेनला पेलतील अशा तुकड्यांत करून घ्या. उचलायचा पट्टा कुठून घालायचा, कुठला तुकडा आधी उचलायचा, याचं रेखाचित्र शिल्पकाराकडून सहीनिशी घ्या. त्याची एक प्रत बांधकाम विभागाच्या फाइलला लावा, एक उद्यान विभागाला द्या आणि एक स्वतःकडे ठेवा.