एफएल-४१ टिंटचा चष्मा: डोक्याला मार लागल्यानंतरच्या दुखण्यात कितपत उपयोगी?

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला. टाके सुकले, स्कॅनही पुढे नॉर्मल आला, पण डोकं दुखायचं काही थांबेना. मार लागल्यानंतर ७ दिवसांत सुरू झालेली डोकेदुखी ३ महिन्यांहून जास्त टिकली की डॉक्टर ती चिवट प्रकारात धरतात, माझी त्यातलीच. डाव्या भुवईवर ठणका, मान आखडलेली, आणि ट्यूबलाइटखाली बसलं की मळमळ.

मी घरातही काळा गॉगल लावून बसायचे. न्यूरॉलॉजिस्टनी तो बंद करायला लावला, कारण डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही मग जास्तच बोचतो. त्याऐवजी हा एफएल-४१ नावाच्या गुलाबीसर टिंटचा, म्हणजे रंगछटेच्या काचांचा, चष्मा आला. उजेडातला ४८० ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा भाग तो बराचसा अडवतो. १९९१ साली बर्मिंगहॅममध्ये मायग्रेन असलेल्या मुलांवर याचा अभ्यास झाला. त्यांचे झटके महिन्याला सरासरी ६.२ वरून १.६ वर आले होते. अर्थात ते मायग्रेन होतं, मार लागलेलं डोकं नव्हे.

माझ्यापुरतं सांगते. दुखणं गेलेलं नाही. पण ऑफिसच्या एलईडी पॅनलखाली अकरालाच सुरू होणारा ठणका आता बहुतेक दिवस दुपारच्या चहापर्यंत तरी सुरू होत नाही, आणि गोळ्या कमी झाल्या. मला याचंच अप्रूप जास्त, कारण साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून अधिक चाललं, तर त्या गोळ्यांमुळेही डोकं दुखायला लागतं.

लग्नाच्या हॉलमध्ये मात्र चष्म्याचं काही चालत नाही. लाइट सोसतात, डीजेचं काय करणार? मंडईत कोथिंबीर विटकी दिसते, म्हणून जुडी निवडताना चष्मा कपाळावर. रात्री गाडी चालवताना तर अजिबात लावू नका, रस्ता आणखी अंधारा दिसतो. ‘घरात कसला गॉगल?’ हे सासूबाईंचं अजून चालू आहे.

तक्रार आहे ती फ्रेमची. डाव्या कानामागे टाक्यांचा व्रण आहे, नेमकी त्यावर जाड काडी रुतायची. संध्याकाळपर्यंत तिथे वेगळंच दुखणं. ऑनलाइन विक्रेत्याने फ्रेम बदलून द्यायला नकार दिला. शेवटी ओळखीच्या चष्मेवाल्याने त्याच काचा पातळ टायटॅनियम फ्रेममध्ये बसवून दिल्या. कडेने उजेड अजून शिरतो, त्यामुळे पुढची जोडी बाजूने झाकणारी घेईन. टिंट हाच.