स्वस्तातला केटल ग्रिल, आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांत या केटल ग्रिलवर, म्हणजे कोळशावर चालणाऱ्या झाकणाच्या गोल भांड्यावर, तीसेक वेळा तरी काहीबाही शिजवलं असेल. त्यातलं पहिलं पाच-सहा वेळचं कुणाला वाढण्यासारखं नव्हतं. आणल्या आणल्या लिहायचा मोह आवरला ते बरंच झालं. तेव्हा मी झाकणाच्या चकाकीचं कौतुक करत बसलो असतो, आणि ती चकाकी आता गेली आहे.

मला खरं तर ऑफसेट स्मोकर, म्हणजे धुरावर सावकाश मांस शिजवायचं यंत्र, हवा होता. आडवं पिंप, एका बाजूला लाकूड जाळायची वेगळी पेटी, दुसऱ्या बाजूला धुराडं. दिसतो अगदी वाफेच्या इंजिनासारखा, आणि माणूस तिथंच भुलतो. माझ्या बजेटमध्ये तसा एक बसतही होता. तो घेतला नाही यात माझं शहाणपण काही नाही. मेहुण्यानं तसाच एक आधी घेतला होता आणि मी एक अख्खी दुपार त्याच्या अंगणात बसून पाहिला. दर वीस मिनिटांनी उठून लाकूड सारायचं. वारा सुटला की तापमानाचा काटा धाडकन खाली, पडला की भसकन वर. पेटीच्या झाकणाच्या चारही कडांमधून धूर येत होता, धुराड्यातून मात्र नावापुरता. पत्र्यावर टिचकी मारली तर तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजला. चांगल्या ऑफसेटचा पत्रा सहा मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तेवढं लोखंड एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, मग वाऱ्याची एखादी झुळूक त्याच्या गावीही नसते. याचा पत्रा दोन मिलिमीटरसुद्धा नव्हता. संध्याकाळी मेहुणा म्हणाला, "भावोजी, मांस शिजलं की नाही देव जाणे, मी मात्र पुरता शिजलो."

तात्पर्य, हात आखडता असेल तर ऑफसेटच्या वाटेला जाऊ नका. त्याचं सगळं काम जाड पोलादावर चालतं, आणि स्वस्त करायचा म्हणजे नेमकं तेच काढून टाकतात. केटलचं तसं नाही. त्याचा पत्रा पातळ असला तरी चालतं, कारण तिथं आग आवरायची ती हवेची वाट आवळून. खालची झडप हवा आत घेते, वरची धूर बाहेर सोडते, मधे कुठं फट नसली म्हणजे झालं. हा आकार १९५२ सालचा. शिकागोजवळ वेबर ब्रदर्स नावाच्या पत्र्याच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन कामाला होता. समुद्रात तरंगणारे बोये तिथं बनत. घरच्या उघड्या शेगडीवरच्या वाऱ्या-धुराला कंटाळून त्यानं बोयाच्या गोळ्याचे दोन भाग केले, खालच्याला पाय लावले आणि वरच्याचं झाकण केलं.

माझा ग्रिल मूळ कंपनीचा नाही, त्याच घाटाची नक्कल आहे. व्यास ५७ सेंटिमीटर. याहून लहान घेऊ नका. आग एका कडेला ठेवून मांस दुसऱ्या कडेला ठेवायचं तर मधे अंतर लागतं, आणि लहान भांड्यात ते मिळत नाही.

विकत घेताना केलेली एक गोष्ट कामी आली. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी काठावर ठेवायची, झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. अडकली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथं फट. असं काठाभोवती दहा-बारा जागी करायचं. दुकानातला माणूस माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत होता. माझ्या ग्रिलला मुठीच्या बाजूला वीतभर फट निघाली. तरी घेतला, कारण शेगडीच्या दाराला लावतात ती फायबरग्लासची दोरी उष्णता सोसणाऱ्या गोंदानं तिथं चिकटवता येते. ती अजून टिकून आहे.

आता फजिती. पहिल्या दिवशी सगळा कोळसा एकदम पेटवला. झाकण लावलं, झडपा अर्ध्या केल्या, झाकणावरचा काटा १५० अंश सेल्सियस दाखवू लागला. मी खूश. दोन तासांनी कोंबडी कापली तर वरून काळपट आणि मांडीच्या हाडापाशी कच्ची. पुढच्या खेपेला सळीचा डिजिटल थर्मामीटर जाळीवर, मांसाच्या शेजारी ठेवला. वर काटा १५०, खाली ११८. काटा झाकणात निखाऱ्यांच्या बरोबर वर बसवलेला, त्याला मांसापाशी काय चाललंय ते कसं कळणार? तेव्हा ग्रिलमध्ये थोडी काटकसर करा, पण थर्मामीटर घ्याच. आणल्यावर तो बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, शून्याच्या आसपास यायला हवा. कोंबडी आतून ७४ अंशांवर गेली की खायला सुरक्षित. रंगावर जाऊ नका, धुरावरचं मांस पूर्ण शिजूनही कडेला गुलाबी राहतं. धुरातले वायू आणि मांसातला रंग यांचा तो परिणाम.

दुसरी फजिती धुराची. धूर म्हणजेच चव अशी समजूत करून घेऊन मूठमूठ लाकडाचे तुकडे टाकत गेलो. पांढरा, दाट, डोळे चुरचुरणारा धूर. त्या दिवशीचं मांस राखुंडीसारखं कडू लागलं आणि जिभेवर चव दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली. पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही. तो पातळ होऊन निळसर, जेमतेम दिसेल असा झाला की मगच मांस ठेवायचं. मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात, सफरचंद, चेरी, ओक असं काहीही, पण वाळलेलं. पाइनसारखं राळेचं लाकूड नको. रंग किंवा पॉलिश लावलेलं तर अजिबात नको. लाकूड पाण्यात भिजवून ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मीही भिजवलं. रात्रभर भिजलेला तुकडा चिरून पाहिला तर आतून कोरडा ठणठणीत. वरचं पाणी नुसतं वाफ होऊन जातं, आपला वेळ जातो तो वेगळाच.

खरी गाडी रुळावर आली ती कोळशाचा साप लावायला लागल्यावर. साच्यातल्या कोळशाच्या वड्या कडेकडेनं अर्धवर्तुळात मांडायच्या, खाली दोन, वर दोन. लाकडाचे तुकडे पहिल्या टप्प्यावर. मधल्या मोकळ्या जागेत पाण्याचं ताट, त्याच्या वर जाळीवर मांस. मग आठ-दहा वड्या वेगळ्या पेटवून सापाच्या एका टोकाला ठेवायच्या. पेटवायला रॉकेलसारखं काही ओतू नका, वास मांसाला लागतो. दोन्ही बाजूंनी उघडा, खाली जाळी असलेला पत्र्याचा नळकांडा मिळतो, त्यात खाली कागद, वर कोळसा, पंधरा-वीस मिनिटांत निखारे तयार. साप एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जळतो. वरची झडप पूर्ण उघडी, खालची काडेपेटीतली काडी आडवी जाईल इतकीच. माझ्याकडे ११० ते १३० अंशांत सहा तास सहज निघतात. एक ध्यानात ठेवा, तापमान कमीपासून हळूहळू चढवायचं. एकदा १७० वर गेलं की खाली आणता आणता नाकी नऊ येतात.

पहिल्यांदा खांद्याचा मोठा तुकडा लावला तेव्हा मांसात खुपसलेला थर्मामीटर ६८ अंशांवर येऊन जो थांबला तो जवळजवळ तीन तास. बायको दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, सेल संपलेत का त्याचे?" सेल शाबूत होते. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं, घामानं अंग गार व्हावं तसं ते मांस गार ठेवतं, आणि आगीची आच तिथंच खर्ची पडते. घाबरून कोळसा वाढवू नका. थांबा, नाहीतर फॉइलमध्ये गच्च गुंडाळा. तसला चिवट तुकडा ९३-९५ पर्यंत न्यावा लागतो, तोवर आतले चिवट धागे विरघळतात आणि सळी लोण्यात गेल्यासारखी जाते.

तक्रारीही आहेत. खालच्या झडपेची पाती दुसऱ्याच महिन्यात राखेनं अडकू लागली, आता पक्कड लागते. एका पायाचा स्क्रू कुठं गळून पडला कळलंच नाही, भांडं कलंडता कलंडता वाचलं. जाळीचा मुलामा मधोमध गेलाय. सुट्ट्या पातीसाठी कंपनीला तीनदा लिहिलं, उत्तर एकदाच आलं, त्यात मला माझ्याच ग्रिलचा फोटो मागितला होता. बुडाला गंज मात्र माझ्या आळसानं लागला. पावसात राख तशीच राहिली आणि आठवड्यानं बघतो तर तिचा करडा लगदा झाला होता. ओली राख क्षारयुक्त असते, तिला लोखंडापाशी ठेवू नये. आता दर वेळी दुसऱ्या दिवशी राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढतो. दुसऱ्या दिवशीच, कारण राखेच्या पोटात निखारा रात्रभर जिवंत असतो. आणि पाऊस आला म्हणून धगधगता ग्रिल बंद खोलीत किंवा गॅरेजमध्ये ढकलू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वापरलेला मिळत असेल तर जरूर बघा. झाकणाच्या आतून रंगाचे पापुद्रे सुटल्यासारखे दिसले तरी दचकू नका, ती बहुधा जमलेली चरबी आणि काजळी असते, खरवडली की निघते. बुडाला आरपार भोकं असतील तर मात्र सोडून द्या. पिंपाचा स्मोकर घरी बनवणार असाल तर आतलं अस्तर आधी जाळून काढा आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊ नका, जस्त फार तापलं की त्याची वाफ विषारी असते. लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे विजेचे ग्रिल आरामाचे, पण बजेट कमी असताना मोटर आणि सर्किटवर पैसे घालायला माझा हात धजावला नाही. सिरॅमिकचे उत्तम असतात, नक्कीच, पण उचलायला चार माणसं लागतात.

मेहुण्याचा ऑफसेट अजून आहे. मोठ्या पिंपात तो कोळसा पसरून साधं ग्रिल करतो, ते छान होतं. बाजूच्या पेटीत कोळशाची पिशवी ठेवतो. पावसात कोरडी राहते म्हणे.