व्हिटॅमिन डी 'वाढलं' असं दाखवून बाबांना घातलेला गंडा

घरात वयस्कर माणसं असतील आणि सोसायटीत आरोग्य शिबिराचा बोर्ड लागला असेल, तर हे जरूर वाचा. माझ्या बाबांकडून ज्या युक्तीने साडेचौदा हजार रुपये उकळले, ती इतकी सोपी आहे की आणखी कुठे ना कुठे चालू असणारच.

डोंबिवलीत आमच्या क्लबहाउसमध्ये शिबिर होतं. बीपी-शुगर फुकट, आणि ९९९ रुपयांत 'शरीरातला बारा व्हिटॅमिन्सचा दीर्घकालीन साठा' सांगणारी रक्त तपासणी. बाबांना डायबेटिस आहे, कित्येक वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, पायांना मुंग्या येतात. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्याने नसांना इजा होऊन मुंग्या येऊ शकतात, त्यामुळे तपासणी करायला कारण होतंच. रिपोर्ट आला: डी १८.४, बी-१२ २१२. लगेच त्यांचा 'हेल्थ कोच' घरी हजर.

"काका, हाडं पोकळ व्हायला लागलीत. आमचा तीन महिन्यांचा कोर्स घ्या. तीन आठवड्यांत मीच फुकट टेस्ट करून फरक दाखवतो."

बाबांनी एका महिन्याचे डबे घेतले. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त नेलं आणि नवा रिपोर्ट आला: डी ४५.९, बी-१२ नऊशेच्या वर. उरलेल्या दोन महिन्यांचे पैसे त्याच संध्याकाळी जीपेने गेले.

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यावर डीच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात 'नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर' होतं, दुसऱ्यावर 'नॅनोमोल प्रति लिटर'. एक नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर म्हणजे साधारण अडीच नॅनोमोल प्रति लिटर. नेमका गुणक २.४९६. मोबाइलवर १८.४ गुणिले २.४९६ केलं, उत्तर ४५.९. म्हणजे बाबांचं व्हिटॅमिन कणभरही वाढलेलं नव्हतं, फक्त माप बदललं होतं. आणि नॉर्मल रेंज दोन्ही कागदांवर तीच, ३० ते १००. ती नॅनोग्रॅमची आहे. नॅनोमोलमध्ये ती ७५ ते २५० हवी, म्हणजे ४५.९ हा आकडा कमीच. रक्त खरंच तपासलं असतं तर दशांशापर्यंत तोच आकडा आला नसता. एकच नमुना दोनदा तपासला तरी थोडाफार फरक पडतो.

शिवाय तीन आठवड्यांत डीची पुन्हा तपासणी करण्यात अर्थच नसतो. साठा कळण्यासाठी जी चाचणी करतात ती २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीची. त्याचं रक्तातलं अर्धायुष्य (म्हणजे प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) दोन-तीन आठवड्यांचं, त्यामुळे पातळी स्थिरावायला साधारण तीन महिने लागतात. 'ॲक्टिव्ह' डी म्हणून जी महागडी चाचणी गळ्यात मारतात, ती कमतरता असतानाही नॉर्मल किंवा जास्त येऊ शकते.

बी-१२ मात्र बहुधा खरंच वाढलं असेल, आणि मला जास्त राग त्याचाच आहे. गोळ्या चालू असताना रक्तातलं बी-१२ झपाट्याने वर जातं. त्यावरून नसांची हानी भरून आली की नाही, हे कळत नाही. त्यात त्या डब्यात केसांसाठी म्हणून १० मिलिग्रॅम बायोटिन होतं. एवढ्या डोसचं बायोटिन काही मशीनवर डी आणि बी-१२चे आकडे खोटे वाढवून दाखवतं, थायरॉइडचे रिपोर्टही बिघडवतं. रक्त नेताना 'गोळ्या बंद ठेवा' असं कुणी सांगितलं नाही.

बाकीच्या व्हिटॅमिन्सच्या 'साठ्या'बद्दल तर बोलायलाच नको. व्हिटॅमिन एचं रक्तातलं प्रमाण लिव्हर सांभाळून ठेवतं. साठा पार खाली जाईपर्यंत ते नॉर्मलच दिसतं. प्लाझ्मातलं सी अलीकडच्या खाण्यावर हलतं, सीरममधलं फोलेटही तसंच. फोलेटचा दोन-तीन महिन्यांचा अंदाज हवा तर तांबड्या पेशींमधलं तपासावं लागतं, आणि ते या पॅकेजमध्ये नव्हतंच.

दोन्ही रिपोर्टवर सही होती फक्त टेक्निशियनची. लॅबचा रिपोर्ट पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरच्याच सहीने जायला हवा, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय. मी फोन केला तर कोच म्हणाला लॅबला विचारा, लॅब म्हणाली आम्ही फक्त सँपल उचलतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवल्यावर सीलबंद डब्यांचे पैसे परत आले. बाकीच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं. डीचं त्यांना फार वाटलं नाही, साठ हजार युनिटच्या सॅशे आठवड्याला एक अशा ठरावीक आठवड्यांसाठी दिल्या. एक सॅशे शंभर रुपयांच्या आत मिळते. (मनाने घेऊ नका, अती झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर येतं.) बी-१२बद्दल मात्र ते म्हणाले, २१२ म्हणजे काठावरचं, तेव्हाच रक्तातल्या होमोसिस्टीनची किंवा मिथिलमॅलोनिक ॲसिडची चाचणी करून घेतली असती तर नसांपर्यंत पोचलेली कमतरता पकडता आली असती. आता गोळ्या पोटात गेल्यामुळे या चाचण्याही सुधारलेल्याच दिसणार. त्यामुळे बी-१२ची इंजेक्शनं सुरू केलीत आणि मुंग्या कमी होतात का ते बघत राहायचं.

आमच्या सोसायटीत ज्यांनी ज्यांनी हा कोर्स घेतलाय, त्यांनी दोन्ही रिपोर्ट काढून युनिटचा रकाना बघा. नेहमीच्या औषधांसोबत डीच्या सॅशे आधीच चालू असतील तर हे डबे आधी बंद करा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. पावत्या, रिकामे डबे, कोचचे मेसेज, काहीही फेकू नका. तक्रारीला तेच लागतं.